रागाच्या पोटातला कळवळा

प्रश्न: पाळकसाहेब, आमच्या वसाहतीच्या फाटकावर एक वयस्क वॉचमन आहेत. यंदाच्या नवतप्यात पारा 45 अंशांच्या वर गेला असताना त्यांना ऊन लागले आणि ते फाटकाशीच कोसळले. दहा पावलांवरच्या कार्यालयात कूलर सुरू होता, परंतु ‘कर्मचाऱ्यांनी आत बसायचे नाही’ हा समितीचा नियम आहे, असे सचिवांनी शांतपणे सांगितले, तेव्हा मी चारचौघांत त्यांना वाट्टेल ते बोलले. आमच्या मंडळीतील (चर्चमधील) एक वडील, म्हणजे ज्येष्ठ पुढारी, म्हणतात, ख्रिस्ती माणसाला राग शोभत नाही, क्षमा मागा. तेव्हापासून मला झोप नाही आणि गेल्या रविवारी मी प्रभुभोजनही (उपासनेतील भाकर व द्राक्षारसाचा विधी) घेतले नाही. माझा राग हे पाप होते काय?
– एक भगिनी, मेकोसाबाग, नागपूर

उत्तर: आपल्या मंडळीच्या वडिलांचा हेतू चांगला असेल, पण त्यांचे विधान शास्त्राला धरून नाही. मार्ककृत शुभवर्तमानाचा 3 रा अध्याय उघडून पाहा. शब्बाथाचा, म्हणजे यहुदी लोकांचा काम वर्ज्य असलेला विश्रांतीचा दिवस आहे, सभास्थानात वाळलेल्या हाताचा एक माणूस बसला आहे आणि येशू त्याला बरे करतो की काय, म्हणजे नियमभंगाचा आरोप ठेवता येईल, यावर काही जण डोळा ठेवून आहेत. शब्बाथ दिवशी जीव वाचवणे योग्य की जीव घेणे, असे तो विचारतो, आणि सगळे गप्प राहतात. त्या गप्प बसण्यावर येशू रागावतो. तो त्यांच्याकडे सभोवार रागाने पाहतो आणि त्याच वाक्यात, त्यांच्या मनाच्या कठीणपणामुळे खिन्न होतो, असे मार्क लिहितो. आपल्या फाटकावर तरी याहून वेगळे काय घडले? एका बाजूला नियम होता, दुसऱ्या बाजूला कोसळलेला माणूस होता, आणि ते पाहून आपण रागावलात, यात पाप नाही.

(येशूने कोरडा, म्हणजे चाबूक, घेऊन मंदिरातल्या विक्रेत्यांना हाकलले, तो दाखला मी मुद्दाम देत नाही. ज्याला कुणावर तरी तुटून पडायचे असते, त्याला तो एवढाच उतारा पाठ असतो.)

जुन्या कराराच्या इब्री (हिब्रू) भाषेत रागासाठी जो शब्द येतो, त्याचा मूळ अर्थ नाक. आपणही ‘नाकाच्या शेंड्यावर राग’ म्हणतोच. निर्गम 34:6 मध्ये परमेश्वर ‘मंदक्रोध’ आहे असे आपण वाचतो, तेथे मुळात शब्दशः ‘लांब नाकाचा’ असे आहे. म्हणजे राग त्यालाही येतो, पण तो शेंड्यापर्यंत पोहोचायला फार वेळ लागतो. कळवळ्याचे ठिकाण मात्र आणखी खोल आहे. लोकसमुदायाला पाहून येशूला कळवळा आला, असे जेथे वाचतो, तेथील ग्रीक क्रियापद आतड्यांवरून आले आहे. आतडे तुटणे म्हणजे काय, हे मराठी वाचकाला निराळे समजावून सांगायला नको. सभास्थानातल्या त्या एका क्षणी राग आणि तुटणारे आतडे एकाच देहात होते, आणि त्या रागातून पुढे निघाले ते ‘हात लांब कर’ हे शब्द, म्हणजे आजारी माणसाचे बरे होणे.

आता थोडे कठोर बोलतो. आपले मूळ पत्र चार पानांचे आहे. जागेअभावी येथे ते थोडक्यात छापले आहे. त्यात सचिवांचे एकेक वाक्य अवतरणचिन्हांत आहे, त्यांचा हात झटकण्याचा ढंगही आहे. वॉचमनचे नाव मात्र एकदाही नाही, ते आता कसे आहेत हेही नाही. रागाची सुरुवात त्यांच्यापासून झाली होती, पण चार पानांत तो त्यांना सोडून सचिवांच्या दारात जाऊन बसला. इफिसकरांस पत्राच्या 4 थ्या अध्यायात प्रेषित पौल म्हणतो, रागावा पण पाप करू नका, आणि तुमच्या रागावर सूर्य मावळू देऊ नका. पुढे 31 व्या वचनात तोच पौल सगळा क्रोध दूर करा असेही सांगतो. मला ही विसंगती वाटत नाही. दुपारी न्याय्य असलेला राग रात्री उशाशी घेतला की नासतो, आणि आपली झोप तेथेच गेली आहे.

क्षमेविषयी वडील अर्धे बरोबर आहेत. सचिवांच्या आजारी मुलावरून आपण जे वाक्य बोललात, ते आपणच प्रामाणिकपणे पत्रात लिहिले आहे. त्याची क्षमा मागितलीच पाहिजे, आणि ती ‘पण’ न जोडता मागावी. नियम अमानुष आहे, हे म्हणणे मात्र मागे घेऊ नये. सचिवांविषयी कळवळा वाटत नाही, असेही आपण लिहिता. निनवे नगराला देवाची क्षमा मिळाली म्हणून चिडलेल्या योना संदेष्ट्यालाही त्या नगराविषयी तो वाटला नव्हता. तो नगराबाहेर सावलीत बसला होता, ती सावली गेली तेव्हा ऊन डोक्यावर येऊन तो मरण मागू लागला, आणि ‘तुझे रागावणे योग्य आहे काय’ एवढाच प्रश्न देवाने त्याला दोनदा विचारला.

मत्तय 5:23-24 प्रमाणे वेदीपाशी अर्पण ठेवून आधी समेट करायला जायचे असते. म्हणून येत्या रविवारपूर्वी सचिवांकडे जा. पण जाताना फाटकावर थांबा, त्या गृहस्थांना नावाने विचारा, तब्येत कशी आहे ते ऐका, आणि पुढच्या उन्हाळ्याआधी फाटकावर शेड, पंखा व पिण्याच्या पाण्याची सोय व्हावी, असा अर्ज वसाहतीतील चार जणांच्या सह्या घेऊन समितीला द्या. त्या अर्जावर सचिवांचीही सही मागून पाहा.