मिनिकॉयचं पोट कशावर चालतं?

प्रश्न : आमचं घराणं मासेमारीतलं. लक्षद्वीपच्या मिनिकॉय बेटावर जाळं न लावता कुपा (टूना मासा) मारतात, असं ऐकलं. तेवढ्यावर अख्खं बेट जगतं का? आम्हाला ते बघायला जायचंय. — एक वाचक, मालवण

उत्तर : मासळी आहेच, पण एकट्या मासळीवर नाही. मी जहाजावर इंजिनखात्यात होतो, तेव्हा डेकवर मिनिकॉयचे खलाशी असत. ब्रिटिश काळापासून इथले पुरुष कोलकाता-मुंबईहून मालवाहू जहाजं पकडत आलेत. त्यांच्या पगारावर बेटावर घरं उभी राहिली. पुरुष महिनोन् महिने दर्यावर, त्यामुळे घरं बायकांच्या हाती. वंश आईकडून चालतो, लग्नानंतर नवरा बायकोच्या घरी राहायला जातो. गावाचा कारभार बघायला पुरुषांचा प्रमुख असतो, तशी बायकांचीही असते.

कोचीपासून हे बेट सुमारे ४०० किलोमीटर, लक्षद्वीपच्या अगदी दक्षिण टोकाला. उरलेली बेटं उत्तरेला २०० किलोमीटर लांब, मालदीव त्याहून जवळ. म्हणून इथली महल बोली मालदीवच्या दिवेही भाषेची, आणि लिपीही तीच, उजवीकडून डावीकडे लिहायची. जमीन पाच चौरस किलोमीटरही भरत नाही. २०११च्या जनगणनेत माणसं दहा हजारांवर. शेती म्हणजे मुख्यतः नारळ.

आता कुप्याकडे येतो. पहाटे आधी लगूनमध्ये, म्हणजे प्रवाळाच्या कड्याआतल्या उथळ पाण्यात, चाऱ्यासाठी बारीक मासळी धरतात आणि होडीतल्या पाण्यात जिवंत ठेवतात. बाहेर कुप्याचा थवा दिसला की ती मूठमूठ फेकायची, वरून पाण्याचे फवारे उडवायचे. मासा वर उसळतो. मग काठी, दोरी आणि गळ. गळाला उलटा काटा नसतो, त्यामुळे मासा होडीत आपटला की आपोआप सुटतो आणि गळ लगेच पुन्हा पाण्यात. नको ती मासळी, कासवं यात फारशी अडकत नाहीत. पर्ससीनने, म्हणजे थवाच्या थवा घेरणाऱ्या मोठ्या जाळ्याने, आपल्या किनाऱ्याचं काय केलं ते तुम्हाला सांगायला नको. धरलेला कुपा मिठाच्या पाण्यात उकडून, धुरी देऊन, उन्हात वाळवला की मासमीन होतं. लाकडासारखं कडक, टिकाऊ. बेटावर कुपा डबाबंद करण्याचा सरकारी कारखानाही आहे.

मला काळजी वाटते ती त्या बारीक मासळीची. समुद्रात कुपा कितीही असो, चारा नसेल तर होडी बाहेर काढून उपयोग नाही, आणि यातली बरीचशी मासळी प्रवाळाच्या आसऱ्याने वाढते. १९९८, २०१० आणि २०१६ साली पाणी तापून लक्षद्वीपचं प्रवाळ पांढरं पडलं. तिथे गेलात तर कोळ्यांना कुप्याआधी चाऱ्याबद्दल विचारा.

पावसाळ्यात समुद्र खवळलेला असतो, तेव्हा जाऊ नका. प्रवेशपरवाना आधी काढावा लागतो. विमान लक्षद्वीपच्या अगत्ती बेटावरच उतरतं, मिनिकॉयला कोचीहून जहाजाने जावं.