उशिरा उठणे, येरझाऱ्या आणि नोकरी: स्किझोफ्रेनियाविषयी वाचकांचे प्रश्न

प्रश्न : माझ्या सव्वीस वर्षांच्या मुलाला चार वर्षांपूर्वी स्किझोफ्रेनियाचे निदान झाले. औषधांनी भास थांबले, पण तो सकाळी अकराला उठतो, जेवतो आणि पुन्हा पडून राहतो. 'काहीतरी कर' म्हटले की चिडतो. हा आळस म्हणायचा का? (एक आई, सातारा)

उत्तर : नाही. या आजारातील भास आणि संशय चारचौघांच्या नजरेत भरतात आणि औषधांना बऱ्यापैकी दादही देतात. मात्र उमेद आटणे, बोलणे कमी होणे, एखादे काम स्वतःहून सुरूच करता न येणे ही लक्षणे मागे उरतात आणि त्यांच्यावर औषधांचा फारसा प्रभाव पडत नाही. त्यात ओलान्झापिन किंवा क्लोझापिनसारख्या औषधांची गुंगी मिसळली की सकाळ हातातून जाते. रात्रीची गोळी थोडी लवकर घेता येईल का, हे डॉक्टरांना अवश्य विचारा. परंतु परस्पर डोस कमी करू नका, कारण गोळ्या बंद करणे हे आजार उलटण्याचे अगदी नेहमीचे कारण आहे.

आता 'काहीतरी' या शब्दाविषयी. काय करायचे ते ठरवणे हेच ज्याला जड जाते, त्याच्यापुढे आपण नेमके तेच काम ठेवतो. भिंतीवर तासातासाचे वेळापत्रक डकवणारे पालक मी पुष्कळ पाहिले आहेत. पहिला दिवस चुकला की तो कागद रोजचा आरोप होऊन बसतो. त्याऐवजी घराला खरोखर गरज असलेले एकच काम त्याच्याकडे सोपवा, जसे सकाळचे दूध आणणे किंवा नळाला पाणी येताच पिंप भरणे. सुरुवातीचे काही दिवस सोबत जा. 'भाजी निवड' म्हणण्यापेक्षा 'माझ्याजवळ बस, आपण मेथी निवडू' म्हटलेले अधिक चालते. काम राहिलेच, तर ते निमूटपणे तुम्ही करा आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा त्याच्याकडे द्या.

प्रश्न : वडील दिवसभर घरात येरझाऱ्या घालतात, बिड्या ओढतात आणि चहा मागतात. त्यांना क्लोझापिन चालू आहे. बिडी एकदम बंद करावी का? (एक मुलगी, नांदेड)

उत्तर : बिडी सुटावी, पण डॉक्टरांना सांगून. तंबाखूच्या धुरामुळे क्लोझापिनचे रक्तातील प्रमाण कमी राहते. धूर अचानक थांबला की तेच प्रमाण वाढते आणि डोस बदलावा लागतो. येरझाऱ्यांचेही त्याच भेटीत सांगा, कारण एका जागी बसवेनासे होणे हा काही औषधांचा दुष्परिणाम असू शकतो आणि त्यावर उपाय आहेत. एक गोष्ट मात्र लक्षात घ्या: ज्यांच्या दिवसात दुसरे काही घडतच नाही, त्यांच्यासाठी बिडी आणि चहा हेच घड्याळ असते. ते काढून घेण्याआधी संध्याकाळचा फेरफटका किंवा बाजारातून एखादी वस्तू आणणे असे काही त्या जागी रुजू द्या.

प्रश्न : मी स्वतः शुभार्थी (म्हणजे मानसिक आजार असलेली व्यक्ती) आहे, वय 31, बी.कॉम. दुपारी एकटा असलो की भासातले आवाज वाढतात. मला नोकरी करता येईल का? आजार सांगावा का? (पुणे)

उत्तर : कोणत्या वेळी आवाज वाढतात हे तुम्ही हेरले आहे, हे महत्त्वाचे. त्या वेळी इअरफोनवर गाणी ऐकणे, गुणगुणणे किंवा मोठ्याने वाचणे याचा अनेकांना उपयोग होतो. नोकरी जरूर करता येते. फक्त सुरुवात अर्ध्या दिवसाच्या कामाने करा आणि झोप मोडणारी रात्रपाळी टाळा. कामाची सवय लावण्यासाठी पुण्यातील स्किझोफ्रेनिया अवेअरनेस असोसिएशनसारख्या संस्थेच्या पुनर्वसन केंद्राची चौकशी करा.

आजार सांगणे हा सर्वस्वी तुमचा निर्णय आहे. दिव्यांग हक्क कायदा, 2016 नुसार मानसिक आजार ही मान्य दिव्यांगता असून किमान 40 टक्क्यांचे प्रमाणपत्र असल्यास सरकारी नोकरीतील 4 टक्के आरक्षणाला पात्र होता येते. त्यासाठी अर्थातच आजाराची नोंद उघड करावी लागते.

प्रश्न : मी न्यू जर्सीत राहते. भावाशी व्हिडिओ कॉलवर काय बोलावे?

उत्तर : 'आज काय केलेस?' हे विचारू नका. ज्याचा दिवस रिकामा गेला, त्याला ती परीक्षा वाटते. दर रविवारी ठरलेल्या वेळी दहाच मिनिटे फोन करा, स्वतःच्या घरातले साधेसे काही सांगा आणि तो गप्प राहिला, तर थोडा वेळ तुम्हीही गप्प राहा.