एकाच घरात वाढली, तरी इतकी वेगळी?

प्रश्न : थोरला (३८) मोजकं बोलतो, फोन महिन्यातून एकदा. धाकटी (३४) दिवसातून दोनदा फोन करते, पटकन चिडते, पटकन रडते. दोघांना सारखंच वाढवलं. माझं काही चुकलं का?
– एक आई, सातारा

उत्तर : नाही ताई. जुळ्यांच्या अभ्यासांतून दिसतं, की माणसामाणसांतल्या स्वभावाच्या फरकांपैकी साधारण ४० ते ५० टक्के आनुवंशिक असतात. सख्ख्या भावंडांतही वेगवेगळी जनुकं उतरतात. उरलेल्या फरकांत 'एकच घर' याचा वाटा फारच थोडा. रॉबर्ट प्लोमिन आणि डेनिस डॅनियल्स या मानसशास्त्रज्ञांनी १९८७ मध्ये हे ठामपणे मांडलं. शिवाय घर एकच नसतंच. थोरल्याला चार वर्षं आई एकट्याला मिळाली, धाकटीला जन्मापासून दादा होता.

थोरल्याला "कसा आहेस?" विचारलंत, तर "बरा आहे" एवढंच येणार. त्याऐवजी नेमकं काम विचारा : "गॅसच्या नळीला पाच वर्षं झाली, बदलायची, तू आलास की बघशील?" रविवारी दहा मिनिटांची वेळ ठरवून टाका. अबोल माणसाला अवचित फोनपेक्षा ठरलेला फोन सोपा जातो.

धाकटी चिडलेली असताना उपाय सुचवू नका, तिथेच भांडण पेटतं. पूर्ण बोलू द्या, मग विचारा, "सल्ला हवाय, की नुसतं ऐकू?"

आणि "दादा बघ कसा शांत" हे वाक्य कृपा करून कायमचं बंद करा. एकाचा निरोप दुसऱ्याच्या तोंडून पाठवणंही.