अभियांत्रिकीनंतर आरोग्यसेवेच्या कम्प्लायन्स ॲनालिटिक्समध्ये जाता येते का?

अभियंता असलेल्या स्त्रीला अमेरिकेतील या क्षेत्रात, म्हणजे आरोग्यसेवेची बिले नियमांना धरून आहेत का हे आकडेवारीतून तपासण्याच्या कामात, वळता येईल का, असे आपण विचारले आहे. येते, आणि एसक्यूएल (डेटाबेसमधून माहिती काढण्याची संगणकीय भाषा) चांगले येत असेल तर अर्धी वाट सरलेली असते. खरी मेहनत लागते ती बिलांची भाषा शिकायला, म्हणजे १ ऑक्टोबर २०१५ पासून तेथे लागू असलेले आयसीडी-१० निदानसंकेत, उपचारांचे सीपीटी संकेत आणि रुग्णांच्या माहितीच्या गोपनीयतेसंबंधीचा १९९६ चा हिपा कायदा समजून घ्यायला. एकाच डॉक्टरच्या नावावर एका दिवसात ३० तासांच्या तपासण्यांची बिले दिसली, तर ती नोंदीतली चूक आहे की लबाडी, हे आकडे सांगत नाहीत. त्यासाठी रुग्णांच्या नोंदी उघडून वाचाव्या लागतात, आणि अभियंत्यांना नेमका हाच भाग सुरुवातीला रटाळ वाटतो. सीएचसी या आरोग्यसेवा-कम्प्लायन्सच्या व्यावसायिक प्रमाणपत्राची घाई मात्र करू नये, कारण त्याच्या परीक्षेसाठी साधारणतः प्रत्यक्ष कामाचा अनुभव मागितला जातो.