एक्स्चेंजला जाताय? आधी आपल्याच कॉलेजच्या ऑफिसात जाऊन या

मी एमबीए करताना एक सेमिस्टर व्हिएन्नाला एक्स्चेंजला होते (म्हणजे डिग्री इथलीच, पण एक सेमिस्टर तिकडच्या कॉलेजात), हे मागच्या अंकात ओझरतं काय लिहिलं, महिनाभर त्यावरच मेल येतायत. काहींचे प्रश्न तेच तेच होते ते एकत्र केलेत, आणि 'ताई तिथे बर्फ असतो का' वाल्यांनी रागावू नका, असतो, पुढे.

प्रश्न : ताई, मी पुण्यात एमबीएच्या पहिल्या वर्षाला आहे, घर नाशिकला. कॉलेजने एक्स्चेंजसाठी व्हिएन्ना (ऑस्ट्रिया), मॅनहाइम (जर्मनी) आणि कोपनहेगन (डेन्मार्क) असे तीन पर्याय दिलेत आणि आठवड्यात प्रेफरन्स भरायचाय. शहर बघून ठरवू की रँकिंग बघून? आणि बाबा विचारतायत युरोपची फी कुठून आणायची.

आधी बाबांना पाणी दे. एक्स्चेंजमध्ये तिकडची ट्यूशन फी भरायची नसते, तू फी तुझ्याच कॉलेजला भरतेस, तिकडून एखादा विद्यार्थी इकडे येतो तो त्याच्या कॉलेजला भरतो, म्हणजे साटंलोटंच. मात्र विमान, खोली, जेवण, इन्शुरन्स, व्हिसा हे सगळं आपल्या खिशातून, आणि ते कमी नाहीये. जर्मनीचंच घे, व्हिसासाठी पैसे दाखवायचा नेहमीचा मार्ग म्हणजे ब्लॉक्ड अकाउंट, म्हणजे आधीच पैसे भरून ठेवायचे आणि तिकडे गेल्यावर दर महिन्याला ठरलेलेच काढता येतात असं खातं, त्यात महिन्याला ९९२ युरो धरतात, वर्षाचे झाले ११,९०४. त्या ९९२ ला जितके महिने राहणार तितक्यांनी गुणून बाबांसमोर ठेव, मग पुढचं बोलणं सोपं जातं.

आता शहर की रँकिंग, तर दोन्ही नाही. तिन्ही ठिकाणच्या इंग्रजीतल्या विषयांची यादी काढ आणि आपल्या कॉलेजच्या ऑफिसात जाऊन विचार की यातले कुठले विषय तुम्ही धरणार, कशाच्या बदल्यात धरणार आणि मार्क कसे बदलणार. आणि हे लेखी घे. तोंडी 'होऽ होऽ, होऊन जाईल' वर विश्वास ठेवू नकोस, मी ठेवला होता.

झालं काय, की ऑस्ट्रियात ग्रेड १ ते ५ असतात आणि १ म्हणजे सगळ्यात चांगला, ५ म्हणजे नापास. माझ्या ट्रान्सक्रिप्टवर, म्हणजे तिकडच्या मार्कशीटवर, दोन विषयांत १ आणि तिसऱ्यात २. मी तो कागद घेऊन कॉलेजच्या खिडकीपाशी गेले, आतल्या मॅडमनी चष्मा नाकावर ओढला, कागद बघितला, मला बघितलं आणि अगदी हळू आवाजात, बाकीच्यांना ऐकू जाऊ नये म्हणून, म्हणाल्या, "अगं, पाचपैकी एक?" बिचाऱ्यांना माझं वाईट वाटलं होतं. मी समजावलं, त्यांनी मान डोलावली आणि कॉम्प्युटरमध्ये जसंच्या तसं १ आणि २ टाकलं. पुढे दोन महिने माझ्या मार्कशीटवर मी त्या सेमिस्टरला जवळपास नापास होते, प्लेसमेंटचे फॉर्म भरायचे दिवस, रोज एक अर्ज घेऊन जायचं आणि 'उद्या या'. जाण्याआधी कन्व्हर्जनचा एक तक्ता सही-शिक्क्यानिशी घेतला असता तर हे काहीच झालं नसतं.

तुझ्या यादीतल्या बाकी दोघांचंही वेगळंच आहे. जर्मनीत १.० सर्वोत्तम आणि ४.० ला पास. डेन्मार्कमध्ये तर १२, १०, ७, ४, ०२, ०० आणि चक्क मायनस ३ अशी शिडी आहे, पास व्हायला ०२ लागतो. ट्रान्सक्रिप्टवर मायनस ३ बघून आपल्या ऑफिसात काय होईल याची कल्पनाच केलेली बरी.

क्रेडिटचं पण आत्ताच समजून घे. तिकडे ईसीटीएस नावाची पद्धत आहे, पूर्ण वर्षाचे ६० आणि सेमिस्टरचे ३० क्रेडिट, एका क्रेडिटमागे २५ ते ३० तासांचं काम धरतात आणि त्यात घरी वाचणं, ग्रुपचं काम, परीक्षेची तयारी सगळं आलं. म्हणजे ५ क्रेडिटचा एक विषय कमीत कमी सव्वाशे तास. आपल्याकडचे क्रेडिट वेगळे मोजतात, त्यामुळे 'तिकडे पाच मिळाले म्हणजे इकडे पाच' असं नसतं. तुझ्या कॉलेजला किती लागतात ते विचार आणि वर एक विषय जास्तीचा घे, एखादा रद्द झाला किंवा वेळापत्रकात आदळला तर हाताशी असतो. हे सगळं जुळून दोन जागा सारख्याच ठरल्या तर मग खुशाल शहर बघून ठरव.

प्रश्न : मी लातूरचा, मराठी मीडियम, इंग्रजी यथातथाच. निवड झालीय पण पोटात गोळा आलाय. युरोपियन पोरांसमोर वर्गात आपलं कसं व्हायचं?

इंग्रजीचं टेन्शन घेऊ नकोस रे, तिकडे वर्गातल्या बहुतेकांची इंग्रजी ही मातृभाषा नसतेच, इटालियन पोरगा बोलायला लागला की तुलाच तुझं इंग्रजी बरं वाटायला लागेल. अडचण वेगळीच येते, ती सांगते.

मी व्हिएन्नाच्या वेयूत होते, म्हणजे तिथलं अर्थशास्त्र आणि बिझनेसचं विद्यापीठ. १८९८ सालचं आहे, पण आताचा कॅम्पस २०१३ मध्ये उघडला, प्राटर नावाच्या मोठ्या बागेला लागून, आणि मधोमध झाहा हदीद या प्रसिद्ध आर्किटेक्टने डिझाइन केलेली लायब्ररी आहे जिच्या भिंती तिरक्या आहेत, पहिले चार दिवस आत चालताना मलाच गरगरायचं. तर तिथे एका विषयात आम्हा पाच जणांचा ग्रुप. पहिल्या मीटिंगला मी प्रत्येक कामाला 'येस, येस, आय विल ट्राय' म्हणत होते, आपली सवय, नाही कसं म्हणायचं. ग्रुपमधल्या ऑस्ट्रियन मुलीने पेन खाली ठेवलं आणि विचारलं, "ट्राय म्हणजे करणार की नाही करणार?" रागाने नाही हं, तिला खरंच कळलं नव्हतं. मग तिने प्रत्येकाच्या नावापुढे काम आणि तारीख लिहिली. मी माझा भाग त्या तारखेच्या रात्री पावणेबाराला पाठवला आणि मनात म्हटलं वेळेत झालं. सकाळी तिचा मेसेज, की बाकीच्यांनी दोन दिवस आधी पाठवलंय, कारण तारीख म्हणजे सगळ्यांचं वाचून, दुरुस्त करून झालेली तारीख. कुणी ओरडलं नाही. फक्त पुढच्या प्रोजेक्टला तिने मला ग्रुपमध्ये घेतलं नाही, ते मला अजून लागतं.

तेव्हा जमत नसेल तर पहिल्याच दिवशी 'हे मला येत नाही, ते येतं' असं स्पष्ट सांगायचं, त्यात कुणी कमीपणा मानत नाही, उलट गुळमुळीत हो म्हणण्याचाच त्रास होतो. ज्या विषयांत हजेरी आणि वर्गातल्या बोलण्याला मार्क असतात तिथे पहिला तास अजिबात बुडवू नकोस, तू आला नाहीस की तुझी जागा वेटिंग लिस्टवाल्याला जाऊ शकते. आणि प्रश्न विचार, अर्धवट इंग्रजीत विचार, पण विचार.

एक गंमत. ऑस्ट्रिया-जर्मनीत लेक्चरच्या वेळेपुढे कधी कधी सी.टी. लिहिलेलं असतं, म्हणजे नऊचं लेक्चर सव्वानऊला सुरू होतं, ती तिथली जुनी पद्धत आहे. हे कळल्यावर मला वाटलं चला, पुण्यातच आलो. पण ही सवलत फक्त लेक्चरला, ग्रुप मीटिंगला सात मिनिटं उशिरा गेले तर चौघंही लॅपटॉप उघडून निम्म्यावर पोचलेले.

प्रश्न : माझी मुलगी सप्टेंबरमध्ये चार महिन्यांसाठी फ्रान्सला चाललीय. आम्ही पूर्ण शाकाहारी. व्हिसाचं आणि राहण्याचं काय बघायचं? तिला विचारलं तर 'आई तू नको टेन्शन घेऊ' म्हणते. (कोल्हापूर)

काकू, तुम्ही घ्या टेन्शन, कुणीतरी घ्यायलाच हवं. ९० दिवसांच्या आतलं राहणं असेल तर साधा शेंगेन व्हिसा (युरोपातल्या बऱ्याच देशांना मिळून एकच चालतो तो) चालतो, तिचे चार महिने आहेत म्हणजे लाँग स्टे लागणार. त्यासाठी आधी कॅम्पस फ्रान्सची (परदेशी विद्यार्थ्यांसाठीची फ्रेंच सरकारी संस्था) ऑनलाइन प्रक्रिया आणि मगच व्हीएफएसची, म्हणजे व्हिसाचे अर्ज घेणाऱ्या केंद्राची, अपॉइंटमेंट, हा क्रम उलटा होत नाही, आणि सप्टेंबरला जायचं तर जून-जुलैत गर्दी असते, त्यामुळे कॉलेजचं पत्र आलं की त्याच आठवड्यात सुरू करा. लाँग स्टेमध्ये पण दोन प्रकार, एकाला फ्रान्समध्ये पोचल्यावर ३ महिन्यांत ऑनलाइन व्हॅलिडेट करावं लागतं, दुसऱ्याला लागत नाही पण तो तिथे वाढवूनही मिळत नाही. तिच्या पासपोर्टवर कुठला आलाय ते तुम्हीच वाचा.

राहण्याचं म्हणाल तर कॉलेज पॅरिसचं म्हणून ओळखलं जात असलं तरी कॅम्पस पॅरिसमध्ये असतोच असं नाही. एचईसी या बिझनेस स्कूलचा जुई-आँ-जोझासला आहे, एसेक या दुसऱ्याचा सेर्जीला, दोन्ही शहराबाहेर. ती पॅरिसमध्ये खोली घेऊन रोज ये-जा करायचं म्हणत असेल तर आधी नकाशा उघडायला लावा. शक्य असेल तर कॅम्पसवरचंच हॉस्टेल. आणि फोटोत फार सुंदर खोली, भाडं कमी, घरमालक 'परदेशात' आणि चावी कुरियरने पाठवणार असं कुणी म्हणालं की एक पैसा पाठवायचा नाही, हे फ्रान्सच काय, सगळीकडे.

खाण्याचं तिचं ती बघेल हो. भाज्या, दूध, ब्रेड, डाळी सगळं मिळतं, पोरं तिथेच स्वयंपाक शिकतात. बाहेर खाताना मात्र 'मांस नको, मासे पण नको' असं दोन्ही सांगायचं, नुसतं शाकाहारी म्हटलं तर कधी कधी मासा चालतो असं समजतात. पार्मेजान चीजमध्ये वासराच्या पोटातलं रेनेट (दूध फाडायला वापरतात ते) असतं आणि बऱ्याच गोळ्या-जेलींमध्ये प्राण्यांच्या हाडा-कातड्यापासूनचं जिलेटिन, हे तिला सांगा, पुढे काय पाळायचं ते तिला ठरवू द्या. हॉस्टेलच्या किचनमध्ये फोडणी देताना खिडकी आधी उघडायची. मोहरी तडतडली, हिंग पडला आणि आमच्या मजल्याचा स्मोक अलार्म वाजला, अख्खा मजला थंडीत खाली उभा आणि माझ्या हातात झारा, तशीच खाली पळाले होते.

प्रश्न : एक्स्चेंजमुळे प्लेसमेंट हुकतं का? सीनियर्स घाबरवतात. (मुंबई)

हुकू शकतं, ते घाबरवत नाहीयेत. दुसऱ्या वर्षाचे सप्टेंबर ते डिसेंबर तू तिकडे असशील आणि बऱ्याच कॉलेजांत कंपन्या त्याच सुमारास यायला लागतात. म्हणून तर समर इंटर्नशिपमधून ऑफर हातात असलेली पोरं बिनधास्त जातात आणि बाकीची पहाटे पाचला उठून ऑनलाइन इंटरव्ह्यू देतात, ऑक्टोबरच्या शेवटी तिकडचं घड्याळ एक तास मागे जातं आणि फरक साडेतीनवरून साडेचार तासांचा होतो, ते पण लक्षात ठेव. तुझ्या कॉलेजमधून मागच्या वर्षी गेलेल्या दोघा-तिघांना फोन कर, त्यातला एक तरी ऑफर न घेता गेलेला असू दे. आणि तिकडेच नोकरी मिळेल म्हणून जात असशील तर नको जाऊस, चार महिने त्यासाठी फार कमी आहेत आणि व्हिसाही शिकण्यापुरता असतो.

प्रश्न : परत आल्यावर बायोडेटात 'एमबीए, अमुक बिझनेस स्कूल, युरोप' असं लिहिलं तर चालेल ना? सगळेच लिहितात. (ठाणे)

नाही चालणार. डिग्री तुझ्या कॉलेजची, तिकडे तू एका टर्मपुरती उसन्या खुर्चीवर बसलास. 'एक्स्चेंज टर्म' असं लिही, महिने लिही, विषय लिही. इंटरव्ह्यू घेणाऱ्यांत तिथूनच पूर्ण डिग्री केलेला कुणी निघाला तर?

प्रश्न : ऑस्ट्रियाचा व्हिसा असेल तर वीकेंडला लंडनला जाता येईल का? (पणजी)

नाही. ऑस्ट्रियाच्या डी, म्हणजे लाँग स्टे, व्हिसावर बाकीच्या शेंगेन देशांत १८० पैकी ९० दिवस फिरता येतं, त्यात स्वित्झर्लंड पण आलं. लंडन आणि डब्लिन शेंगेनमध्ये नाहीत, तिथला व्हिसा वेगळा. आणि फिरायचे बेत नंतर कर, व्हिएन्नात राहायला आलास की तीन दिवसांत पत्ता नोंदवून मेल्डेत्सेटेल नावाचा कागद घ्यायचा असतो, त्याच्यावर घरमालकाची सही लागते. शुक्रवारी संध्याकाळी पोचलास तर शनिवार-रविवार ऑफिस बंद, रविवारी दुकानंही बंद, फक्त प्राटरश्टर्नसारख्या मोठ्या स्टेशनातलं सुपरमार्केट उघडं आणि तिथे अख्खं शहर रांगेत. तिकीट मंगळवारचं काढ.