निवटी आपली पूर्वज का हो?

प्रश्न : ओहोटीला खाडीच्या चिखलात निवट्या (चिखलात राहणारे छोटे मासे) पुढच्या परांवर सरकत चालतात, ते बघून मुलगी विचारते की आपले हातपाय पण असेच आले का? आणि मग बोटं पाचच कशी? (एक वाचक, रत्नागिरी)

उत्तर : मुलीला सांगा, निवटी पूर्वज नाही, फार लांबची चुलत बहीण आहे. तिच्या जातीच्या माशांची आणि आपली वाट ४० कोटी वर्षांच्याही आधी वेगळी झाली, चिखलात चालायचं ती तिचं तीच नंतर शिकली. आपलं खानदान मांसल पर असलेल्या माशांचं, त्यातले सीलाकँथ आणि लंगफिश आजही जिवंत आहेत.

२००४ मध्ये जीवाश्मशास्त्रज्ञ नील शुबिन आणि त्यांच्या सहकाऱ्यांना कॅनडाच्या एल्समिअर बेटावर टिकटालिक नावाच्या माशाचे जीवाश्म मिळाले, साधारण ३७.५ कोटी वर्षांपूर्वीचे. अंगावर खवले, पर माशाचेच, पण पराच्या आत बघाल तर दंडाचं एक हाड, पुढे दोन हाडं, त्यापुढे मनगटासारखी बारकी हाडं, म्हणजे आपल्या हाताचाच आराखडा, फक्त बोटं नाहीत.

पाणी आटलं, मासे धडपडत जमिनीवर आले आणि मग त्यांना पाय फुटले, ही गोष्ट आपण सगळ्यांनीच ऐकलीय, पण ग्रीनलंडमध्ये जीवाश्म सापडलेल्या अकँथोस्टेगा या प्राचीन चार पायांच्या प्राण्याला चांगली बोटं होती आणि कल्लेही होते, शिवाय ते पाय अंगाचा भार पेलतील असे नव्हतेच, म्हणजे बोटं पाण्यातच आली, जमिनीवरचं चालणं नंतरचं.

बरं, बोटं काही शून्यातून आली नाहीत. गर्भात अवयव घडवणाऱ्या जनुकांचा हॉक्स-१३ नावाचा एक गट आहे, उंदरात त्यातली दोन जनुकं बंद केली की पंजाची बोटंच बनत नाहीत. शुबिन यांच्याच लॅबने २०१६ मध्ये झेब्राफिश या छोट्या माशातली याच गटातली जनुकं बिघडवली तर पराच्या टोकाचे काटे खुंटले आणि आतली बारकी हाडं वाढली! जनुकं जुनीच, काम नवं.

आता पाच. यात जादू काही नाही हो, अकँथोस्टेगाच्या हाताला ८ बोटं होती, तशाच प्राचीन इक्थिओस्टेगाच्या मागच्या पायाला ७. पाचवाल्यांचा वंश टिकला आणि पुढे सगळी काटछाट त्यातूनच झाली, घोड्याला एकच उरलं, सापाचे तर पायच गेले, तरी अजगराच्या शेपटीजवळ मागच्या पायांच्या नख्या अजून दिसतात. उलटंही होतं, सॉनिक हेजहॉग नावाच्या जनुकाचं (नाव खरंच व्हिडिओ गेमवरून ठेवलंय) बटण गर्भात चुकीच्या जागी चालू झालं की माणसाला सहावं बोट येऊ शकतं.