किरणोत्सवाचे कारण कळल्यावर

प्रश्न : श्री अंबाबाईच्या मंदिरात मावळत्या सूर्याची किरणे थेट मूर्तीवर पडतात, त्या किरणोत्सवामागचे सूर्याचे गणित माझ्या मुलाने घरात समजावून सांगितले, तेव्हापासून सासूबाई नाराज आहेत. ‘सगळे उलगडल्यावर उरले काय?’ असे त्या विचारतात. कारण कळले की गूढ संपते का?
— एक वाचक, मंगळवार पेठ, कोल्हापूर

उत्तर : आधी गणितच पाहू, कारण तक्रार त्याच्याविषयी आहे. १० नोव्हेंबरच्या सुमारास कोल्हापुरातून पाहिले असता सूर्य नेमक्या पश्चिमेच्या जवळपास १८ अंश दक्षिणेला मावळतो. पुढे डिसेंबरच्या २१-२२ तारखेला दक्षिणेचे टोक गाठून तो परत फिरतो आणि १ फेब्रुवारीच्या सुमारास पुन्हा त्याच जागी मावळतो. दोन्ही तारखा त्या टोकापासून सुमारे ४२ दिवसांच्या अंतरावर आहेत, म्हणून उत्सव वर्षातून दोनदा येतो. महाद्वारातून आलेली किरणे गरुड मंडप, कासव चौक, पितळी उंबरा असे टप्पे ओलांडत गाभाऱ्यात पोहोचतात आणि सूर्य खाली जाईल तशी मूर्तीवर वर चढतात.

मात्र एवढ्यावर चिरंजीवांनी थांबू नये. दोन्ही वेळचा परंपरेचा क्रम एकच आहे : ३१ जानेवारी आणि ९ नोव्हेंबरला चरण, दुसऱ्या दिवशी छाती, तिसऱ्या दिवशी मुखापर्यंत. आता नोव्हेंबरमध्ये सूर्यास्ताची जागा रोज साधारण ०.३ अंश दक्षिणेकडे सरकते, तर फेब्रुवारीत तेवढीच उत्तरेकडे. म्हणजे सूर्याचे स्थान हे एकच कारण धरले, तर नोव्हेंबरचा चढता क्रम फेब्रुवारीत उलटा व्हायला हवा. तो तसा का सांगितला जात नाही? ढग, धूळ, हवेतील बाष्प आणि महाद्वार रोडवरील उंच इमारती (या अडथळ्यांची चर्चा तर आपल्याकडे दरवर्षी होतेच) यांमुळे किरणे किती वर पोहोचतात, हे बदलत राहते. तेव्हा हा क्रम निसर्गाचा किती आणि परंपरेचा किती, हे मोजूनच ठरवावे लागेल.

सासूबाई ज्याला गूढ म्हणतात ते न कळण्यात असते, असे मला वाटत नाही. ज्याला सूर्याची चाल मुळीच ठाऊक नाही, त्याला हा प्रश्न पडणारच नाही. त्यांची श्रद्धा हा वेगळा विषय आहे, आणि त्यात मुलाने पडू नये. त्याने दोन्ही उत्सवांत किरणांची रोजची उंची आणि वेळ वहीत नोंदवावी. गर्दीत सासूबाईंना पुढे उभे राहायला मिळत असेल, तर नोंद त्यांनीच सांगावी.